'वाया' जाणारे पाणी आणि गोदावरीचे मुख



आजच्या विषयाची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीने करणार आहोत. पंचवीसेक वर्षांपूर्वी मराठवाड्याच्या पाण्यासाठी एक परिषद भरली होती. ठराव लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे, शब्द नीट वापरील, असा संयोजकांचा समज असावा. आम्ही लिहून दिले की समुद्रात वाया जाणारे पाणी अडवून ते तहानलेल्या मराठवाड्याकडे वळवावे. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. जन्मभर पोरांना शब्दांची चिकित्सा शिकवणाऱ्या माणसाने 'वाया' हा शब्द मात्र अजिबात न तपासता लिहून टाकला होता.

हा शब्द कोणी दुष्टपणाने वापरत नाही, हे आधी मान्य करू या. नांदेड-लातूरच्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. ज्याने ते दिवस काढले त्याला नकाशावर निळी रेघ समुद्राला मिळताना दिसली की पोटात खड्डा पडतो. कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरी खोऱ्यात आणा, ही मागणी त्या खड्ड्यातूनच आली आहे.

पण शब्दात दावा लपलेला असतो. 'समुद्रात वाया जाते' असे आपण म्हणतो तेव्हा आपण सांगत असतो की नदी जिथे समुद्राला मिळते तिथे त्या पाण्याची वाट पाहणारे कोणी नाही. हे आपल्याला कसे कळले? तर आपल्याला तिथे कोणी दिसले नाही म्हणून. मीमांसकांनी याचा फार बारकाईने विचार करून ठेवला आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेत न दिसणे हेही ज्ञानाचे साधन आहे, त्याला अनुपलब्धी म्हणतात. मात्र अट अशी की वस्तू असती तर दिसलीच असती, अशा जागी आणि अशा उजेडात तुम्ही शोधले पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. आम्ही तर खोलीतही गेलो नव्हतो. नांदेडच्या घाटावर उभे राहून आम्ही ठरवले होते की पुढे कोणी नाही.

तेव्हा आज आपण त्या खोलीत जाऊ. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. महाराष्ट्रातली तिची वाट निम्म्याहून कमी आहे. लातूरची मांजरासुद्धा तिथेच जाते बरं का. धर्माबादच्या पुढे कंदकुर्तीला ती गोदावरीला मिळते. म्हणजे आपले दोन्ही जिल्हे एकाच मुखाशी बांधलेले आहेत. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला नदी फुटते, एक फाटा गौतमी, दुसरा वसिष्ठा. गौतमीच्या अंगाला, काकिनाड्याजवळ, कोरिंगा आहे.

नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा एकमेकांत मिसळते, त्या जागेला कोकणात खाडी म्हणतात. पूर्वेकडे मोठ्या नद्यांचा त्रिभुज प्रदेश असतो, पण तिथल्या फाट्यांच्या तोंडाशी काम तेच चालते. पाणी ना धड गोडे ना धड खारे. कोळंबी समुद्रात अंडी घालते आणि तिची पिल्ले वाढायला अशा पाण्यात येतात. गोदावरीतला पुलसा मासा तुम्ही ऐकला असेल. बंगालात ज्याला हिलसा म्हणतात तोच. तो समुद्रात राहतो आणि पावसाळ्यात नदीला लाल पूर आला की अंडी घालायला वर चढतो. राजमहेंद्रीच्या बाजारात त्याच्या भावाच्या दंतकथा आहेत. म्हणजे आपण ज्याला वाया गेलेले पाणी म्हणतो, ते त्या माशाला आलेले बोलावणे असते.

आता थोडा इतिहास. कोरिंगा हे एके काळी जहाजबांधणीचे नावाजलेले बंदर होते. १७८९ आणि १८३९ च्या चक्रीवादळांनी ते बुडवले. हेन्री पिडिंग्टन या कलकत्त्यातल्या इंग्रजाने 'सायक्लोन' हा शब्द घडवला, तो अशाच वादळांचा अभ्यास करताना. पुढे १८५२ मध्ये आर्थर कॉटनने धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला. दुष्काळाने गांजलेला गोदावरी जिल्हा भाताचे कोठार झाला. तिथल्या गावोगावी कॉटनचे पुतळे आहेत, लोक त्याला देवासारखा मानतात, आणि आम्ही त्याला नावे ठेवायला उभे नाही. एवढेच ध्यानात घ्या की त्या दिवसापासून मुखाकडे किती पाणी सोडायचे हे माणूस ठरवू लागला. आणि ठरवणाऱ्यांत मुखाजवळचा कोळी नव्हता.

या मुखाशी खारफुटीचे मोठे जंगल आहे. आपल्याकडे तिवर, कांदळ म्हणतात. तेलुगूत 'मडा अडवुलु'. १९७८ मध्ये कोरिंगा अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २३५ चौरस किलोमीटरचे. या जंगलाची पुढची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे जरा थांबू.

जंगलाचे मोठमोठे पट्टे उजाड पडत चालले होते. झाड मेले की नवे येत नव्हते, लावलेले जगत नव्हते. कारण सर्वांना ठाऊक होते! गावचे लोक सरपणाला तोडतात, म्हशी आत शिरून कोंब खातात. वनखात्याच्या दृष्टीने प्रश्न पहाऱ्याचा होता आणि गावकरी हे आरोपी होते. शंभर वर्षे आपल्या देशात जंगलाचा इतिहास असाच लिहिला गेला आहे.

मग चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या शास्त्रज्ञांनी तामिळनाडूतल्या पिछावरमला माती आणि पाणी मोजायला सुरुवात केली. ही संस्था सरकारी नाही, पण काम वनखात्याच्या जमिनीवर आणि वनखात्याच्या बरोबरीने चालले होते. त्यांना दिसले ते असे. इंग्रजांच्या काळापासून सरकारच या जंगलाची आळीपाळीने पट्टे पाडून सरसकट तोड करत आले होते. वनखात्याच्या भाषेत त्याला कूप म्हणतात. पट्टा एकदम मोकळा झाला की ऊन थेट चिखलावर पडते. चिखल वाळतो, बसतो, मध्ये परात तयार होते. भरतीचे पाणी त्या परातीत येते पण ओहोटीला बाहेर जात नाही. तिथेच आटते, मीठ मागे ठेवते. असे वर्षानुवर्षे झाले की माती समुद्राहूनही खारट होते, आणि मग खाऱ्या पाण्यात वाढणारे झाडसुद्धा तिथे मरते.

म्हणजे आरोपी बदलला की नाही? म्हशीचा दोष थोडा होता, सरपणाचा थोडा होता, पण मूळ घाव सरकारी कुऱ्हाडीचा होता आणि तो कागदोपत्री 'शास्त्रीय व्यवस्थापन' म्हणून नोंदलेला होता.

उपाय काय? पहारा वाढवून काही होणार नव्हते. परातीला तोंड पाडायला हवे होते. मधून एक मोठा चर, त्याला तिरपे फुटणारे छोटे चर, माशाच्या काट्यासारखे. भरती आत येईल, ओहोटी मीठ घेऊन बाहेर जाईल. १९९६ ते २००३ या काळात कॅनडाच्या मदतीने हे काम गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशी आंध्रच्या वनखात्याबरोबर झाले, आणि त्यासाठी गावोगावी समित्या नेमल्या गेल्या. संयुक्त खारफुटी व्यवस्थापन असे त्याचे नाव. चर कुठून काढायचा हे ठरवायला पाण्याची चाल माहीत असावी लागते. भरती कोणत्या नाळेतून आधी शिरते आणि कुठे अडते, हे रोज त्या नाळेत होडी घालणाऱ्याला माहीत असते. क्षार मोजायला यंत्र लागते, ते शास्त्रज्ञाकडे असते. आणि चरात गाळ बसतोच. दर वर्षी तो उपसायला माणूस लागतो, तो गावाकडे असतो. यातला एक जरी नसला तर चर बुजतो.

आम्हाला यातली खरी घटना ही वाटते की मोजणीमुळे आरोपी सुटला, आणि सुटलेला आरोपी भागीदार झाला. शास्त्रज्ञ आणि स्थानिक यांचे सहकार्य म्हटले की आपण समजतो की एकजण शिकवतो आणि दुसरा राबतो. इथे शास्त्राने आधी स्वतःच्याच घराण्याची चूक काढली. त्याशिवाय गावकरी बसले असते का शेजारी?

आता हेच दुसऱ्या किनाऱ्यावर, आपल्या महाराष्ट्रात बघू. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. जाहीर झाले म्हणजे कागदावर आले. मच्छीमारांना वाटले, आपली मासेमारीची जागा गेली, आणि त्यांनी जो विरोध धरला तो पुढे कित्येक वर्षे सुटला नाही. अभ्यास होता, कायदा होता, पण बैठकीला ज्याची जाळी त्या पाण्यात होती तो नव्हता. नंतर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली, आणि ५ जानेवारी २०१२ ला राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. ही कायद्याची बाजू, ती आवश्यक होतीच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात राज्याची खारफुटी २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होती, २०१९ मध्ये ३२०. मोजण्याची पद्धत सुधारली की आकडाही वाढतो, हे ध्यानात ठेवूनसुद्धा फरक लहान नाही.

पण आमचे लक्ष सिंधुदुर्गाकडे आहे. जागतिक पर्यावरण निधी आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने २०११ च्या सुमारास दोन जुळे प्रकल्प सुरू झाले. एक सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर आणि दुसरा, योगायोग बघा, गोदावरीच्या मुखाशी. आपल्या नदीचे शेवटचे टोक आणि आपल्या राज्याचा किनारा एकाच कागदावर आले आणि मराठवाड्यात कोणाला पत्ता नाही. आम्हालाही नव्हता.

सिंधुदुर्गात सरकारी शास्त्रज्ञ काय घेऊन आले? एक उदाहरण सांगतो. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे आस नेहमी शंकरपाळ्यासारखे असतात. जाळे ओढले की ते ताणून मिटतात आणि बोटभर पिल्लेही आत अडकतात. चौकोनी आस ठेवले तर ओढतानाही भोक उघडे राहते, पिल्लू निसटते. चाळीस मिलिमीटरचा चौकोन. कल्पना केवढी साधी! पण बोटीच्या मालकाचा प्रश्न तितकाच साधा असतो: माझे किती जाणार? याचे उत्तर पुस्तकात नसते. बोटीवर चढून, त्याच्या डोळ्यांसमोर मासळी मोजून ते द्यावे लागते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी कालव आणि शिंपल्यांची शेती खाड्यांत उतरवली तीही याच रीतीने, बचतगटांच्या हातून.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचतगटाने खारफुटी दाखवणारी होडीची सफर सुरू केली. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. वल्हे मारणाऱ्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. "काका, हात आत घ्या," म्हणाल्या, आणि झाडांची नावे सांगू लागल्या. आधी गावातले नाव आणि लगेच लॅटिन नाव, न अडखळता. आम्ही विचारले, ही नावे कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, "साहेबांनी शिकवली. साहेबांना भरती कधी कुठे येते ते आम्ही शिकवलं." आमच्या सौभाग्यवतींनी तिथेच आमच्याकडे बघितले. चाळीस वर्षे ज्ञानमीमांसा शिकवली, इतके सोपे वाक्य एकाही वर्गात बोलता आले नव्हते.

२०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आणली. गावात सहव्यवस्थापन समिती, त्यातून खेकडे, कालवे, पर्यटन. गटाने खर्चाचा दहावा हिस्सा घालायचा, बाकी सरकारचा. ही योजना सगळीकडे छान चालली असा आमचा दावा नाही. अनुदान संपले की गट विस्कटतो, हे आपण मराठवाड्यात पाणलोटाच्या कामांत पाहिलेच आहे.

आणि स्थानिक व्यवस्थापन ही परदेशी निधीने आणलेली गोष्ट आहे असेही कोणी समजू नये. गोव्यातली खाजन शेती शतकानुशतकांची आहे, सुमारे अठरा हजार हेक्टर. खाडीला बांध, बांधाला लाकडी दाराची मानस. भरतीला दार मिटते, ओहोटीला उघडते. भात, मीठ, मासळी तिन्ही एका जमिनीत. ही व्यवस्था गावकरी म्हणजे कोमुनिदाद सांभाळत असे. मुक्तीनंतर कूळकायदा आला, जमीन कुळांकडे गेली. न्याय म्हणून ते बरोबरच झाले. पण बांधाची जबाबदारी कोणाची, हा दुवा सैल पडला. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होऊ लागला, आणि ज्याने लिलाव घेतला त्याला भात बुडाले तरी चालणार होते. दार वेळेवर मिटेना, बांध फुटू लागले. दार कोणाच्या हातात आहे आणि त्याला कशाची झळ लागते, हे पाहिल्याशिवाय खाडीचा इतिहास वाचताच येत नाही.

आणि इथेच आपण येतो. आपल्याही हातात दारे आहेत.

कोरिंगाला चर खणले, समित्या नेमल्या, ठीक. पण त्रिभुज प्रदेश उभा असतो गाळावर. समुद्र रोज खातो, नदी रोज भरते. आंध्र विद्यापीठाच्या हेमा मालिनी आणि नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हिशेब मांडला. सत्तरच्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे पंधरा कोटी टन गाळ खाली नेत होती. नव्वदच्या दशकात ते प्रमाण सहा कोटी टनांच्याही खाली आले. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत मुखाची सुमारे अठरा चौरस किलोमीटर जमीन निव्वळ कमी झाली. गाळ कुठे गेला? धरणांत बसला. १९७६ हे साल ओळखीचे वाटते ना? त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला जायकवाडीचे लोकार्पण झाले. त्याचा गाळ भरतो म्हणून आपण इकडे रडतो, आणि त्याच गाळावाचून तिकडे उप्पाडा गावात घरे समुद्रात जातात.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमचा एखादा इंजिनिअर मित्र उठून उभा राहील. राजमहेंद्रीला पोचणारे बहुतेक पाणी आपले नसतेच. ते प्राणहिता, इंद्रावती, शबरी या नद्यांचे असते, विदर्भ आणि बस्तरच्या पावसाचे. जायकवाडीने एक दार उघडले म्हणून कोरिंगाला पूर येत नाही. मध्ये पोचमपाड आहे. एकट्या मराठवाड्याला दोषी धरणे म्हणजे पुन्हा म्हशीला दोषी धरण्यासारखे होईल. पण प्रत्येक खोरे असेच म्हणते की आमचा वाटा थोडा. नाशिक म्हणते, नगर म्हणते, आपण म्हणतो, तेलंगण म्हणते. थोडे-थोडे मिळून पंधराचे सहा होतात.

जगात कोठे वरच्या माणसाला खाडीच्या बैठकीला बसवले आहे का? अमेरिकेत चेसापीक नावाचा प्रचंड उपसागर आहे, खरे तर खाडीच. तिथले गवत आणि कालवे संपू लागले तेव्हा १९७६ पासून केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या शास्त्रज्ञांनी सात वर्षे अभ्यास केला. दोषी निघाले ते शेतातून आणि गटारांतून येणारे नत्र आणि स्फुरद. १९८३ मध्ये करार झाला. त्यावर किनाऱ्याच्या मेरीलँड आणि व्हर्जिनियाने सही केली, आणि पेन्सिल्व्हेनियानेही केली. या पेन्सिल्व्हेनियाला त्या उपसागराचा हातभरही किनारा नाही! त्याची फक्त नदी तिथे जाते, सस्क्वेहाना, आणि उपसागराचे जवळपास निम्मे गोडे पाणी तिचे आहे. तिथे खाली मोजणारा शास्त्रज्ञ आणि वर शेणखताचा खड्डा बांधून घेणारा जिल्ह्याचा मृदसंधारण अधिकारी, अशी जोडी घालावी लागली. हे सगळे गोड झाले नाही. पेन्सिल्व्हेनिया मागे पडत राहिले आणि त्यावरून २०२० मध्ये शेजारच्या राज्यांनी केंद्राच्या खात्यालाच कोर्टात खेचले. २०२५ ची उद्दिष्टेही पुरी झाली नाहीत. तरी भांडण कशाचे ते बघा: सही केलेला माणूस शब्द पाळत नाही, याचे. आपल्याकडे सहीच नाही.

आणि खालच्याचा हक्क म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी अडवले म्हणून आपण किती वर्षे भांडलो! २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने तक्ते मांडून दिले: जायकवाडीत १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांहून कमी असेल तर वरून किती सोडायचे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. 'वरच्याने अडवलेले सगळे त्याचे नसते' हे वाक्य आपण न्यायालयात जिंकलेले आहे. पैठणला आपण खालचे होतो. बाभळीला आलो की वरचे होतो, आणि आपली भाषा बदलते.

बाभळीचा निकाल तर नांदेडात पोराटोरांना पाठ आहे. २८ फेब्रुवारी २०१३. दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवायची, आणि देखरेखीला तीन जणांची समिती: केंद्रीय जल आयोगाचा एक, महाराष्ट्राचा एक, आंध्रचा एक. ते पाणी खालच्या पोचमपाडच्या शेतीसाठी. मुखाचा विचार त्या वादात कोणी आणला नव्हता. पण महिने बघा. जुलै ते ऑक्टोबर. पुलसा वर चढतो ते हेच महिने. दिवस ठरलेले आहेत, मोजणारा आहे, दोन्हीकडचे व्यवस्थापक एका टेबलाशी बसतात. मोजणीच्या वहीत फक्त पाण्याचा रकाना आहे; गाळाचा, मुखाचा नाही. तो रकाना पाडणे फार अवघड आहे असे आम्हाला वाटत नाही.

हेच व्याख्यान मागे लातूरला दिले तेव्हा एक गृहस्थ उठले. म्हणाले, "सर, म्हणजे आम्ही तहानलेलं राहायचं अन् तिकडं झिंगे वाढवायचे का?" सभागृहात हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही फळ्यावर हिशेब केला, तुम्हीही घरी करून बघा. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. चार लाखांचे लातूर धरा. वर्षाला साधारण दोन हजार कोटी लिटर होतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. लातूर शहराचे सबंध वर्षाचे पाणी एक टीएमसीच्या आत बसते. जायकवाडी एकटे १०२ टीएमसीचे आहे. पिण्याच्या पाण्याने कोणतीही खाडी मरत नाही, आणि खाडीला पाणी सोडल्याने लातूर तहानलेले राहत नाही. उसाला हेक्टरी दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर तेच एक टीएमसी चौदाशे हेक्टर उसात संपते. आमच्या त्या ठरावात तहानेचा शब्द होता. पण वळवून मागितलेले पाणी बहुतेक कशाला लागणार होते, ते आम्ही लिहिले नव्हते. पावसाचे मान हजार मिलिमीटरच्या खाली असलेल्या भागात ऊस नको, असे राज्याच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच सांगून ठेवले होते. आयोगाचे अध्यक्ष माधवराव चितळे, म्हणजे सरकारचेच तज्ज्ञ. अहवाल कपाटात राहिला, कारण त्याच्या जोडीला गावात बसून ऐकणारा आणि ऐकवणारा कोणी दिलाच नाही.

ते गृहस्थ नंतर चहाच्या वेळी भेटले. त्यांचा चार एकर ऊस आहे. "हिशेब पटला," म्हणाले, "पण ऊस काढून लावू काय?" ऊस काढा असे आम्ही म्हणालो नाही, तो आमचा अधिकारही नाही. ठिबक का नाही बसवले, एवढे विचारले. त्यांनी सांगितले की बसवले आहे, दोन एकरांवर, अनुदानाची फाइल चौदा महिन्यांपासून अडकली आहे म्हणून पुढचे दोन एकर राहिले. तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. त्या आम्ही आमच्या वहीत, गाळाच्या आकड्यांच्या शेजारच्या पानावर लिहून घेतल्या.